न उठणारा लॅपटॉप : आधी चौकशी, मग शिक्षा



कामगाराला चौकशीवाचून बडतर्फ करू नये, हे तत्त्व कामगार चळवळीने झगडून मान्य करून घेतले. तोच न्याय आज मला एका यंत्रासाठी मागावयाचा आहे. कळ दाबली, दिवा लागला, पण काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ उमटली, की माणूस घाबरतो. शेजारचा कोणी सांगतो, "फॉर्मॅट करून टाका." ही शिक्षा यंत्राला होत नाही, ती आत साठवलेल्या आपल्या कागदपत्रांना होते.

यंत्र जागे कसे होते, ते आधी पाहू. 'बूट' हा शब्द पायातल्या बुटाचाच. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलावे, अशा इंग्रजी कल्पनेवरून तो आला. कळ दाबताच मुख्य पटलावरील एका चिपमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम प्रथम उठतो. १९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या पीसीत त्याला बायोस म्हणत. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो मेमरी वगैरेंची हजेरी घेतो, ठरलेल्या क्रमाने ड्राइव्ह शोधतो आणि ड्राइव्हवरील बूटलोडरच्या हाती काम सोपवतो. बूटलोडर मग विंडोज किंवा लिनक्स उठवतो. गिरणीत एका पाळीने दुसरीला काम द्यावे, तसाच हा प्रकार. काम कोणत्या पाळीत अडले, एवढेच शोधावयाचे.

पहिली तपासणी बिनखर्ची आहे. बाहेरून लावलेले पेनड्राइव्ह आणि कार्ड काढून पुन्हा सुरू करा. कधी कधी यंत्र त्यांतच विंडोज शोधत बसते. एवढ्याने भागले नाही, तर सुरू होतानाच एफ२ (काही यंत्रांत एफ१० किंवा डिलीट) दाबत राहून सेटिंग उघडा. तेथे ड्राइव्हचे नाव दिसते का? सारी चौकशी या प्रश्नाच्या उत्तरावर फिरते.

नाव दिसत असेल, तर ड्राइव्ह निदान हाकेला ओ देत आहे. क्रमात तो पहिला आणा. तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर पटलावरील लहान बॅटरी संपून सेटिंग पुसले गेल्याचा संभव असतो. यूईएफआय पद्धत बदलून जुनी 'लेगसी' झाली असेल, तर ती पूर्ववत करा. तरीही न उठल्यास बूटलोडर बिघडला असावा. पण दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून कागदपत्रे दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. त्यानंतर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधील 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. ड्राइव्हला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती आजच कागदावर उतरवून ठेवा. तिच्यावाचून कारागीरही काही करू शकत नाही.

नाव दिसत नसेल, तर दोष जोडणीत किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये असतो. यंत्र पडले वा आदळले, तर जोडणी सैल होते. जाणत्या कारागिराकडून ती तपासून घ्या. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करू नका. दर वेळी तबकडीला इजा होण्याचा धोका वाढतो आणि वाचण्याजोगा मजकूरही जातो. नवा एसएसडी आवाज करीत नाही. तो पुष्कळदा सूचना न देता जातो.

ड्राइव्ह बाजारात नवा मिळतो. सभासदांच्या वर्गणीची नोंद, कोर्टातल्या दाव्याचे कागद, मुलांचे दाखले बाजारात मिळत नाहीत. म्हणून दुरुस्तीला लॅपटॉप देताना प्रथम एवढेच सांगा : "मला विचारल्यावाचून काही पुसू नका." आणि ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतो, त्यांनी घरी गेल्यावर महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर करून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.