एक फर्मा कमी!

स्वस्तातलं पुस्तक, जुनं पुस्तक आणि डुप्लिकेट पुस्तक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कळलं प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री, साडेअकरा वाजता.

सोमवारी पहिल्याच लेक्चरला माझं प्रेझेंटेशन होतं. रविवारची रात्र, चहाचा तिसरा कप आणि हातात एक इंग्रजी कादंबरी. कादंबरीतला एक माणूस हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होता. पान ९६ संपलं. पुढचं उलटलं, तर थेट ११३! आणि तो मरायला टेकलेला माणूस चक्क ट्रेनमध्ये बसून सँडविच खात होता.

‘‘अगं, पानं चिकटली असतील,’’ रूममेट म्हणाली. चिकटली नव्हती. नव्हतीच. मधली १६ पानं गायब. मग काय, मोबाइलवर सारांश शोधला, कसंबसं निभावून नेलं. आणि मॅडमनी नेमकं विचारलं, ‘‘हॉस्पिटलमधून तो बाहेर पडतो, तो निर्णय तुला पटतो का?’’ मी आपली छताकडे बघतेय. दहापैकी साडेचार!

पुस्तक मी घेतलं होतं रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून. छापील किंमत ४९९, मला पडलं दीडशेला. वर प्लॅस्टिकचं कव्हर, ते काही फाडू दिलं नाही. मी मात्र खूश. ‘सेकंड हॅण्ड मिळालं’ म्हणून ग्रुपवर फोटोही टाकला होता.

दोन दिवसांनी तेच पुस्तक घेऊन एबीसीत गेले. एबीसी म्हणजे आपला अप्पा बळवंत चौक. पेशवाईतल्या सरदार अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचं नाव, पण पुण्यात शिकणाऱ्या प्रत्येकासाठी त्याचा अर्थ एकच, पुस्तकं! तिथल्या एका छोट्या दुकानातून मी एफवायची पुस्तकं घेतली होती. तीच आता विकायची होती. खिशात होते १६० रुपये.

दुकानातल्या काकांनी कादंबरी हातात घेतली, बाजूने बघितली आणि एका शब्दात निकाल दिला, ‘‘फर्मा गेलाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अगं, पुस्तक काय एकेक पान छापत नाहीत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापतात आणि घड्या घालतात. त्याची होतात सोळा पानं. तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक लावून बाइंडिंग करतात. तुझ्या पुस्तकात सातवा फर्मा लावलाच नाही. सहा सोळे शहाण्णव. मोज.’’

‘‘मग बदलून मिळेल ना?’’

‘‘ओरिजिनल असतं तर मिळालं असतं. चूक कुणाकडूनही होते, प्रकाशक बदलून देतो. पण याला आईबाप कुठेयत? हे पायरेटेड आहे.’’

‘‘मला वाटलं जुनं आहे.’’

काका हसले. ‘‘जुनं आणि खोटं यात फरक असतो, बाळा.’’

तीन कोपरे, तीन हिशेब

त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती, त्यामुळे माझा फुकटात क्लास झाला. दुकान जेमतेम दोन खोल्यांचं. पण त्याचे तीन भाग आहेत आणि हे इतक्या वेळा येऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. दाराशी नवी पुस्तकं. मध्ये एक टेबल, ‘कोणतंही ८० रु.’ अशी पाटी लावलेलं. आणि आत, ट्यूबलाइटखाली, जुन्यांची फळी.

आधी नवं. काकांनी बिलबुकाच्या मागे ३०० रुपयांच्या पुस्तकाचा हिशेब मांडला. लेखकाचं मानधन साधारण दहा टक्के, म्हणजे तीस रुपये. दुकानाला सुटणारं कमिशन पुस्तकागणिक बदलतं. त्यातूनच भाडं, पगार, लाइट बिल आणि वर आपल्याला द्यायची ‘दहा टक्के सूट’. उरलेल्यात कागद, छपाई, वाहतूक आणि प्रकाशक. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, एवढाच काय तो दिलासा. मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती असते हजार-अकराशे प्रतींची. म्हणजे आपल्यासारख्या शंभर जणांनी जरी नवं पुस्तक घेतलं, तरी त्या लेखकासाठी ती मोठी गोष्ट असते. मी विचार केला, आपल्या क्लासमध्येच एकशेवीस जण आहेत!

मग टेबल. इथली पुस्तकं जुनी नसतात, कोरीच असतात. मग स्वस्त का? कधी प्रकाशकाचं गोडाऊन रिकामं करायचं असतं, कधी नवी आवृत्ती आलेली असते. परदेशात न खपलेल्या पुस्तकांच्या कडेला मार्करची रेघ किंवा ठिपका मारून ती भंगारभावात काढतात. त्यातली बरीच आपल्याकडे येतात. किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात ना, तिथे एखादं पुस्तक उलटून बघा, कडेला ती काळी रेघ दिसेल. मी इतके दिवस समजत होते, कुणाच्या तरी लहान मुलाने पेन ओढलाय.

टेबलावर मराठी पुस्तकंही असतात. ‘श्यामची आई’च्या तीन वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती शेजारी शेजारी होत्या. त्याचंही कारण आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणजे २०११ पासून त्यांचं लिखाण सगळ्यांसाठी खुलं झालं. कुणीही छापू शकतो, आणि हे शंभर टक्के कायदेशीर आहे. फक्त घेताना जरा चाळून बघायचं. सगळ्याच स्वस्त आवृत्त्यांचं प्रूफरीडिंग धड नसतं.

आणि शेवटी जुनी पुस्तकं. माझा आवडता कोपरा. इथे लेखकाला पुन्हा काही मिळत नाही, हे खरं. पण त्याला त्याचा वाटा एकदा मिळालेला असतो, पहिल्यांदा पुस्तक विकलं गेलं तेव्हा. आपण घेतलेली वस्तू आपण विकू शकतो. १९५७ चा कॉपीराइट कायदाही प्रती बाजारात आणायचा हक्क मालकाला देताना ‘आधीच फिरत असलेल्या प्रती सोडून’ असं म्हणतो. म्हणजे तुमच्या सीनियरने विकलेलं पुस्तक तुम्ही बिनधास्त घ्या. शिवाय जी पुस्तकं आउट ऑफ प्रिंट झालीत, ती मिळायची जागा म्हणजे हीच फळी.

पायरेटेड पुस्तक मात्र या तिन्हीत बसत नाही. त्यात ना लेखकाला काही, ना प्रकाशकाला, ना अनुवादकाला, ना मुखपृष्ठ करणाऱ्या मुलाला. जाणूनबुजून असा धंदा करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि आपल्याला काय मिळतं? एक फर्मा कमी.

ओळखायचं कसं?

काकांच्या टिप्स जशाच्या तशा:

प्लॅस्टिक काढून बघू देत नसेल, तर पुढे चला.

मुखपृष्ठावरचा फोटो पुसट, रंग जरा जास्तच भडक? संशय घ्या.

आतली अक्षरं काही पानांवर गडद, काही पानांवर फिकी, किंवा ओळी तिरक्या? झेरॉक्सवरून छापलंय.

पुस्तक मधोमध उघडा. गोंद कडकन मोडला आणि पानं सुटायला लागली, तर ठेवून द्या.

आयएसबीएन बघा. हल्ली तो १३ आकडी असतो. मागच्या कव्हरवरचा आणि आतल्या पानावरचा नंबर जुळायला हवा.

आणि सगळ्यात सोपं, कालपरवा आलेलं बेस्टसेलर कोरं करकरीत, पण पाव किमतीत? इतक्या लवकर इतक्या लोकांनी ते वाचून विकलं असेल का?

टेक्स्टबुकांसाठी अजून एक. बऱ्याच परदेशी पुस्तकांची फक्त भारतीय उपखंडासाठी काढलेली स्वस्त आवृत्ती असते, कव्हरवर तसं लिहिलेलंही असतं. ती ओरिजिनलच असते. डुप्लिकेट घ्यायच्या आधी ती आहे का, विचारा.

एकाच फळीवर

जुनी आणि नवी पुस्तकं एकाच दुकानात, ही काही फक्त एबीसीची खासियत नाही. अमेरिकेत पोर्टलंडला ‘पॉवेल्स’ नावाचं दुकान आहे, १९७१ पासूनचं. शहराचा एक अख्खा ब्लॉक व्यापेल एवढं मोठं. तिथे एकाच पुस्तकाची नवी आणि वापरलेली प्रत शेजारी शेजारी ठेवतात. खिशाप्रमाणे निवडा! इतकं लांब जायचं नसेल, तर बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरचं ‘ब्लॉसम’ आहे. आधी फूटपाथवर पुस्तकं विकणाऱ्या एका इंजिनीअरने ते उभं केलं. बेंगळुरूला नोकरीला गेलेले आपले सीनियर्स सुट्टीला येताना तिथूनच बॅगा भरून आणतात.

पण अशी दुकानं आपोआप टिकत नाहीत. मुंबईत टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमात छोटासा स्टॉल टाकला. पुढे फोर्टमधलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ म्हणजे मुंबईकर वाचकांचं हक्काचं ठिकाण झालं. सगळ्यांना वीस टक्के सूट आणि हवं तेवढा वेळ उभं राहून चाळायची मुभा. शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये दुकान बंद झालं. त्या वेळी हळहळणारे खूप होते. पण हळहळीवर दुकान चालत नाही, विक्रीवर चालतं.

काकांना मी विचारलं, ‘‘मग सगळं नवंच घ्यायचं का? परवडणार कसं?’’

‘‘कोण म्हणतं? माझा नियम सोपा आहे. लेखक हयात असेल, लिहीत असेल, तर जमेल तेव्हा नवं घ्यावं. नसेल तर जुनं शोधावं. आणि क्रमिक पुस्तक जुनंच घ्यावं, वर्ष संपलं की परत आणून द्यावं.’’

पाचशे रुपयांचा ताळेबंद

माझी एफवायची पाच पुस्तकं काकांनी तपासली. दोन बाजूला काढली. ‘‘सिलॅबस बदलला, आता कुणी घेणार नाही.’’ उरलेल्या तिघांचे ३४० रुपये आले. (पुढच्या वर्षी पेपर संपला त्याच आठवड्यात विकणार. उशीर केला की आपलं पुस्तक आणि रद्दी यात फरक राहत नाही.) पायरेटेड कादंबरी मात्र त्यांनी हातातही धरली नाही. ‘‘ती कुणाला विकू नको. ज्याला विकशील, त्याचंही प्रेझेंटेशन असेल.’’

१६० अधिक ३४०, झाले ५००. त्यात काय काय आलं? टेबलावरचं एक प्रवासवर्णन, ८० रुपये. एका तरुण लेखिकेचा नवा कोरा कथासंग्रह, सूट धरून २२०. आणि आतल्या फळीवर तीच कादंबरी, ओरिजिनल, कोपरे दुमडलेली, १८० रुपये. म्हणजे खोट्या प्रतीपेक्षा फक्त ३० रुपये जास्त! उरलेल्या वीस रुपयांत अमृततुल्यचा चहा.

चहा यायच्या आधीच मी पान ९७ काढलं आणि ती १६ पानं एका दमात वाचली. तो माणूस हॉस्पिटलमधून का निघतो, ते कळलं. मला तो निर्णय पटला नाही. आता मॅडमना सांगायला माझ्याकडे तीन कारणं आहेत.

पान १०४ वर कुणीतरी पेन्सिलीने खूण केली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मॅडम हाच प्रश्न विचारतात. दरवर्षी.’