झाडाचा भार उतरवा, शेंडा उडवू नका

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मुलुंडच्या सोसायट्यांत झाडांच्या छाटणीची घाई सुरू होते आणि झाडावरून पडलेला एखादा तरी रुग्ण माझ्या दवाखान्यात येतो. छाटणी टाळूनही चालत नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा मृत्यू झाला होता. म्हणून आज थोडे या विषयावर.

इमारतीलगतचा गुलमोहर एका अंगाला का झुकतो? भिंतीच्या बाजूला ऊन मिळत नाही. फांद्या उजेडाकडे वाढतात व सगळा भार तिकडे जातो. अशा वेळी पुष्कळजण शेंडाच उडवायला सांगतात. तसे करू नये. त्या मोठ्या कापातून ओल शिरते व खोड कुजू लागते. कापाभोवती येणारे धुमारे भराभर उंच होतात, पण त्यांची पकड वरवरची असते. पुढे वादळात तेच आधी मोडतात.

उंच फांदी तिच्या जोमदार उपफांदीपर्यंतच कापावी. ही उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी. झुकलेल्या बाजूचा भार अधिक उतरवावा. मात्र एका वर्षात एकूण पालवीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त छाटणी नको. जाड फांदीला आधी खालून थोडा काप द्यावा, मग जरा पुढे वरून कापावे. उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या बाहेरून काढावा. म्हणजे खोडाची साल सोलत नाही.

हे काम मात्र स्वतः करू नये. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. त्यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे मार्चमध्येच अर्ज द्यावा. दोर, पट्टा व हेल्मेट वापरणारी अनुभवी माणसेच झाडावर चढवावीत. जवळ विजेची तार असल्यास आधी पुरवठा बंद करून घ्यावा. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते, म्हणून अंगभर कपडे व डोळ्यांना चष्मा हवा.

इतके करूनही कोणी पडलाच, तर त्याला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, रिक्षात कोंबू नका. मणका मोडला असल्यास अशा हलवण्याने कायमचा लुळेपणा येऊ शकतो. मान व पाठ जराही न हलवता त्याला आहे तिथेच राहू द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजेचा धक्का बसला असेल, तर पुरवठा बंद झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.