पुतळीच्या पोटातलं व्हेनिस

आजीच्या कपाटातली पुतळ्यांची माळ सोनाराकडे मोडीत जाण्याआधी एकदा भिंगाखाली धरा. काय सांगावं, युरोप निघेल!

सिक्विनची साडी, सिक्विनचा लेहेंगा, सिक्विनचा क्लच... लग्नाच्या सीझनमध्ये या शब्दाला पर्याय नाही. पण ही चमचमणारी टिकली मुळात नाणं होती, हे ठाऊक आहे? व्हेनिसच्या टांकसाळीला म्हणायचे 'झेक्का'. हा शब्द इटालियन लोकांनी उचलला अरबीतल्या 'सिक्का'वरून. हो, तोच आपला सिक्का. झेक्कामध्ये पडणारं सोन्याचं नाणं ते 'झेक्किनो', आणि पुढे त्याचंच झालं 'सिक्विन'. नाणं व्यवहारातून गेलं, कपड्यावरची टिकली तेवढी उरली. म्हणजे इंग्रजीत. मराठीत मात्र खुद्द नाणंच उरलं, आणि तेही थेट गळ्यात. आपण त्याला पुतळी म्हणतो.

मला हा शोध लागला जित्याला. दिवा-रोहा गाडीने निघालात की आपट्याच्या पुढचं स्टेशन. त्याच्याही पुढे हमरापूर, म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. जुन्या परदेशी नाण्यांचं माझं वेड ज्या मैत्रिणीला माहीत आहे, तिचं हे गाव. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि घरातली पुतळ्यांची माळ मोडून नवा नेकलेस करायचा बेत होता. "आता कोण घालतंय गं पुतळ्या?" इति नवरी, जी ठाण्यात बँकेत नोकरी करते आणि जिला फक्त लाइटवेट दागिने आवडतात. आजीचं म्हणणं वेगळं. "माझ्या सासूबाईंनी मला घातली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मोडायची तर माझ्या माघारी मोडा." वातावरण टाइट! काकूंनी माळ स्टीलच्या ताटात काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "तू नाणीबिणी बघतेस ना? मग सांग, यात काही आहे का."

एकवीस पुतळ्या होत्या. त्यातल्या सतरा सोनाराने घडवलेल्या. पुढून लक्ष्मीचा ठसा, मागची बाजू कोरी. पुतळ्यांच्या बहुतेक माळा अशाच असतात, त्यामुळे तुमच्या घरच्या माळेकडे बघून लगेच लॉटरीची स्वप्नं नकोत. पण उरलेल्या चार चपट्या होत्या, पातळ होत्या, आणि दोन्ही बाजूंनी चित्र होतं.

आता फंडा नीट समजून घ्या. व्हेनिसचा डुकाट (झेक्किनो हे त्याचंच नंतरचं नाव) पहिल्यांदा पाडला गेला १२८४ साली. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं, तोवर म्हणजे पाचशेपेक्षा जास्त वर्षं त्याचं डिझाइन जवळपास तेच राहिलं. एका बाजूला दोन माणसं. उभे आहेत ते संत मार्क, गुडघे टेकून बसलाय तो डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोल चौकटीत उभा येशू आणि भोवती चांदण्या. आपल्याकडच्या लोकांना ना मार्क ठाऊक, ना डोज. त्यांना दिसली दोन बाहुल्यांसारखी चित्रं. झालं, नाव पडलं पुतळी! आणि ही काही बायकांच्या दागिन्यांपुरती गोष्ट नव्हती. सभासद बखरीत शिवरायांच्या खजिन्याची यादी आहे, तिच्यात मोहरा आणि होनांच्या पंगतीला पुतळ्याही आहेत.

खरी गंमत ओळखण्यात आहे, कारण या नाण्यावर ना साल, ना किंमत. वाचायची ती अक्षरं. संताच्या पाठीशी 'एस एम व्हेनेटी', म्हणजे व्हेनिसचे संत मार्क. काठीला लागून एकाखाली एक तीन अक्षरं, डी-व्ही-एक्स. हा आहे 'डक्स', नेता. (लॅटिनमध्ये यू-च्या जागी व्ही कोरतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी युरोपियन नाणी आपोआप वाचता येतात.) आणि डोजच्या पाठीशी त्याचं स्वतःचं नाव, बहुधा काटछाट करून. तेवढ्यावरून काळ ठरवायचा. लुडोविको मानिन दिसला तर १७८९ ते १७९७, कारण तो शेवटचा डोज. येशूच्या बाजूची लॅटिन ओळ म्हणजे एक प्रार्थना आहे: ख्रिस्ता, तुझंच राज्य असलेलं हे संस्थान तुला अर्पण असो. तिचा शेवट 'डुकाट' या अक्षरांनी होतो.

मी दहापट भिंग डोळ्याला लावलं, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. उजेड समोरून नाही, बाजूने पाडायचा. झिजलेली अक्षरं सावलीत वर येतात. पहिल्या पुतळीवर 'एलोय मोचेनि' इतकं स्वच्छ लागलं. आल्विसे मोचेनिगो! पण थांबा, या नावाचे चार डोज होऊन गेले. पहिला सोळाव्या शतकात, शेवटचा १७६३ ते १७७८. त्यातला नेमका कोणता, हे अक्षरांचं वळण आणि चित्राची धाटणी कॅटलॉगशी ताडून बघितल्याशिवाय सांगायचं नाही, असा माझा नियम आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुतळीवर अक्षरंच नव्हती. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा, संताच्या चेहऱ्याच्या जागी ठिपका. या नकला. व्हेनिसच्या नाण्यावर बाजाराचा इतका भरवसा की भारतात आणि पूर्वेकडच्या इतर बाजारांतही त्याच्या नकला पाडल्या जायच्या. चित्र काढणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, मग त्याने अक्षरांची नक्षी करून टाकली. मला विचाराल तर या नकला अस्सल नाण्याइतक्याच भारी आहेत. चौथी पुतळी इतकी झिजली होती की दोन आकृत्या आहेत, यापलीकडे काही बोलता येईना.

मग वजन. अस्सल डुकाट साधारण साडेतीन ग्रॅमचा. काकूंच्या ओळखीच्या सोनाराने काट्यावर ठेवला तर थोडा जास्त भरला, कारण वर कडी डाक लावून बसवलेली. संग्राहकाच्या भाषेत ही कडी म्हणजे जखम, तिच्यामुळे नाण्याची किंमत उतरते. सोनाराच्या भाषेत मात्र हा माल एकदम फर्स्ट क्लास, कारण डुकाटचं सोनं जवळजवळ शंभर नंबरी. आणि इथेच सगळी गोची आहे. इतकं शुद्ध सोनं कोणालाही वितळवावंसं वाटतं. अशी किती नावं मुशीत गेली असतील, कोण मोजणार?

व्हेनिसचं सोनं कोकणात आलं कसं? मिरी, मसाले आणि कापड घ्यायला. युरोपचा माल इकडे फारसा खपायचा नाही, त्यामुळे बिल रोख सोन्या-चांदीत चुकवावं लागे. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून जहाजं पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना लागत, आणि चौल हे त्यातलं जुनं, नावाजलेलं बंदर. ते याच रायगड जिल्ह्यात. त्याच्या कुशीत रेवदंड्याला पोर्तुगीज १५२१ पासून होते, ते १७४० मध्ये मराठ्यांनी काढेपर्यंत.

माळेचं काय झालं? मैत्रिणीचा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवरच एक अस्सल पुतळी बुक केली. त्याला सांगावं लागलं की शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत टाकून तर नाहीच नाही. शेवटी सोनाराच्या सतरा पुतळ्या मोडीत गेल्या, लाइटवेट नेकलेस झाला आणि चार चपट्या आजीच्या काळ्या पोतीत ओवल्या गेल्या. आजी पूर्णपणे खूश नाही. सतरा म्हणजे काही थोड्या नव्हेत.

तुम्हाला सुरुवात करायची तर सोन्यापासून करू नका. एक भिंग, ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा, एक व्हर्नियर. बास! चिंच, राख, पितांबरी यांपासून नाणं लांब ठेवा, घासलेलं नाणं मेलेलं नाणं. पोर्तुगीज नाण्यांवर 'जी-ए' दिसलं तर गोवा, 'डी-ओ' दिसलं तर दीव. व्ही, ओ आणि सी एकात एक गुंफलेले दिसले तर डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. माझं लाडकं मात्र मारिया थेरेसाचं चांदीचं थालर. राणी ऑस्ट्रियाची, साल नेहमी १७८०, वजन २८ ग्रॅमच्या जरा वर. तिच्या मृत्यूनंतरही तेच साल टाकून हे नाणं जगभर पाडलं गेलं. १९४० आणि १९४१ मध्ये तर चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत! म्हणजे 'युरोपियन' नाणं, मेड इन फोर्ट.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८', वर राम-सीता-हनुमान, 'किंमत लाखो रुपये'! कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. जुनी नाणी विकत घेतो असं सांगून आधी कमिशन मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं, कारण काही भामटे तिचंच नाव वापरत होते. मला असा मेसेज आला की मी उलट दोनच गोष्टी विचारते: वजन किती, आणि कडेचा फोटो आहे का? अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही.