चेहरा की धोतर? फोटोग्राफीचा पहिला धडा

विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी आत येतानाच विचारलं, तत्त्वज्ञानवाल्यांचं कॅमेऱ्याशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही उभी हयात ज्ञानमीमांसा शिकवली. एखादी गोष्ट आपल्याला 'कळते' तेव्हा नेमकं काय घडतं, त्यात वस्तूचा वाटा किती आणि आपला किती, ही त्या विषयातली जुनी कटकट. फोटोग्राफी शिकायला घेतलेल्या माणसाला हीच कटकट पहिल्या आठवड्यात भेटते. म्हणून आज आपण नवशिक्याच्या बाकावर बसणार आहोत. मुरलेले छायाचित्रकार कुणी असतील तर त्यांनी पहिली वीस मिनिटं आम्हाला सांभाळून घ्यावं.

आधी शब्द. मराठीत आपण 'छायाचित्र' म्हणतो. काही जण आग्रहानं 'प्रकाशचित्र' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांप्रमाणे फोटोग्राफी म्हणजे प्रकाशानं लिहिणं, तेव्हा व्युत्पत्तीच्या कोर्टात दुसरा शब्द जिंकतो. पण आम्हाला पहिलाही आवडतो. प्रकाश किती घ्यायचा हे ठरवताना अंधारात काय सोडायचं हेही ठरतंच.

आता प्रकाश किती घ्यायचा, यालाच एक्स्पोजर म्हणतात. नळाखाली कळशी भरायची आहे असं समजा. नळ किती सोडला, किती वेळ सोडला आणि कळशी केवढी आहे, एवढ्या तीन गोष्टींवर ती भरणार की नाही ते ठरतं. नळाची तोटी म्हणजे ॲपर्चर, वेळ म्हणजे शटर आणि कळशीचा आकार म्हणजे आयएसओ. आयएसओ वाढवला म्हणजे कळशी लहान घेतली, थोड्या पाण्यात भरते. दृष्टान्त इथपर्यंतच ताणावा, पुढे तो फाटतो.

ॲपर्चरच्या आकड्यांपाशी बहुतेक विद्यार्थी अडतात. 2.8 म्हणजे मोठं भोक आणि 16 म्हणजे बारीक भोक, हे उलटं का? उलटं काहीच नाही, तो अपूर्णांक आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला 16 नं भागलं की भोकाचा व्यास मिळतो. चतकोर भाकरी अर्ध्या भाकरीपेक्षा लहान असते, यात कुणाला कोडं पडत नाही, तसंच हे. मग ते 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे विचित्र आकडे कुठून आले? व्यास दुप्पट केला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं. प्रकाश फक्त दुप्पट हवा असेल तर व्यास साधारण 1.4 पट करावा लागतो. त्या रांगेतला प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण 1.4 पट आहे, आणि प्रत्येक पायरीवर प्रकाश निम्मा होतो. या पायरीला 'स्टॉप' म्हणतात. शटरमध्ये 1/125 सेकंदावरून 1/250 वर गेलात तरी एक स्टॉप, आयएसओ 100 वरून 200 केला तरी एक स्टॉप. तिन्हीकडे दुप्पट आणि निम्मं हे एकच चलन चालतं. हे एकदा बोटांवर बसलं की अर्धी भीती जाते.

भोक बारीक केलं की प्रकाश कमी होतो, पण दुसरंही काही घडतं. आमच्या वयाच्या मंडळींना ते सांगायला नको. चष्मा घरी राहिला असेल तर आपण बसचा नंबर कसा वाचतो? डोळे बारीक करून. पापण्यांच्या फटीतून कमी प्रकाश आत येतो, पण धूसरपणाही कमी होतो. कॅमेऱ्यातही तेच. 16 वर जवळचं तुळशीवृंदावन आणि मागचं घर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. 2 वर तुळस स्पष्ट आणि घर विरघळलेलं. म्हणजे ॲपर्चर हे नुसतं प्रकाशाचं माप नव्हे. चित्रात कशाला महत्त्व द्यायचं, हेही तिथेच ठरतं.

शटरचं तसंच. लुई दागेरचं 1838 मधलं एक प्रसिद्ध चित्र आहे, पॅरिसमधल्या 'बुलेव्हार द्यू टांपल' या रस्त्याचं. रस्ता वाहता होता, पण चित्रात जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. कारण एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. चालणारी माणसं, घोडे, गाड्या, कुणीच प्लेटवर उमटायला पुरेसं थांबलं नाही. कोपऱ्यात एक गृहस्थ मात्र बूट पॉलिश करून घेत पाय ठेवून उभे होते. तेवढे उमटले. माणूस दिसणारं सर्वांत जुनं उपलब्ध छायाचित्र म्हणून ते ओळखलं जातं. विचार करा, त्या चित्रात खोटं काहीही नाही, आणि तरी रस्ता रिकामा होता असं कुणी त्यावरून म्हणालं तर ते साफ चूक.

याच्या उलटही करता येतं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीवर 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट केला होता. ठरावीक अंतरानं एकेक चौकट घ्यायची आणि मग त्या सलग दाखवायच्या. डोळ्याला कधीच न दिसणारी हालचाल पडद्यावर दिसली. दागेरच्या चित्रात घाईतला माणूस पुसला गेला, फाळक्यांच्या चित्रपटात हळू वाढणारं रोप हललं. घरगुती वापरासाठी एवढं पुरे: खेळणाऱ्या मुलांना 1/500 च्या आसपास, बसलेल्या आजीला 1/60 चालतं, आणि त्याहून कमी झालं की हात टेकवायला भिंत शोधावी.

आयएसओबद्दल फार बोलत नाही. गरज पडली की वाढवा, चित्रात थोडा रवा दिसतो, बिघडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रकाश किती आहे हे कॅमेऱ्याला कसं कळतं? त्यात मीटर असतो. पण तो सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश मोजत नाही; वस्तूवर आपटून परत आलेला मोजतो. आणि इथेच पेच आहे. परत आलेला प्रकाश कमी असेल तर त्याची दोन कारणं असू शकतात: उजेड कमी आहे, किंवा वस्तूच काळी आहे. मीटरला हा फरक कळायला मार्ग नाही. म्हणून तो एक गृहीत धरून चालतो, की समोरचं जग सरासरीनं मध्यम करडं आहे, दर शंभरातला साधारण 18 टक्के प्रकाश परत पाठवणारं. त्या हिशेबानं तो सगळं जुळवतो.

परिणाम घरी करून बघण्यासारखा आहे. पांढरी चादर चौकटभर घेऊन फोटो काढा, मग काळी घोंगडी घेऊन काढा. ऑटोवर दोन्ही फोटोंत जवळपास सारखाच राखाडी रंग येतो. चादर मळल्यासारखी, घोंगडी धुऊन विटल्यासारखी. यंत्र बिघडलेलं नसतं, त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं.

न्यायदर्शनात प्रत्यक्षाचे दोन टप्पे सांगतात. पहिलं निर्विकल्पक: काहीतरी आहे, एवढंच. दुसरं सविकल्पक: हे अमुक आहे, ते तमुक प्रकारचं आहे. 'ही घोंगडी आहे आणि ती काळी आहे' हे दुसऱ्या टप्प्याचं ज्ञान. मीटर पहिल्या टप्प्यावरच उभा असतो. त्याच्याकडे आकडा आहे, घोंगडी नाही. बौद्ध आचार्य दिङ्नाग तर म्हणत, की पहिलंच खरं प्रत्यक्ष, दुसऱ्यात आपल्या कल्पनेची भर असते. असेलही. पण ती भर घातल्याशिवाय घोंगडीचा काळा रंग फोटोत येत नाही, हे आम्ही त्यांना नम्रपणे दाखवलं असतं.

आता हे सगळं दिवे घाटात घेऊन चला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा घाटात वारकऱ्यांइतकेच कॅमेरे असतात, असं गमतीनं म्हणावंसं वाटतं. समोर पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, वर भगभगीत ढगाळ आभाळ, आणि या सगळ्याच्या मध्ये उन्हातान्हात राबलेला सावळा, काळा चेहरा. मीटर एवढं पांढरं बघतो आणि म्हणतो, प्रकाश फार झाला, कमी करा. धोतर छान येतं, घडी न् घडी दिसते, आणि चेहऱ्याच्या जागी काजळी. त्याच वारकऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या विठ्ठलाचा फोटो काढा, जवळून, चौकटभर. आता मीटर म्हणतो, अंधार आहे, वाढवा. आणि सावळा विठ्ठल राखेसारखा होतो. एकाच नियमानं भक्त काजळला आणि देव पांढुरका झाला.

घाटातल्या त्या फोटोत धोतर आणि चेहरा दोन्ही नीट यावेत असं प्रत्येकाला वाटतं. कधी येतात, पण भर दुपारी उजळ आणि गडद भागांतलं अंतर इतकं असतं की एकाला मुकावं लागतं. तेव्हा ठरवायचं: चेहरा की धोतर? आमचं मत विचाराल तर चेहरा. धोतर थोडं जास्त पांढरं झालं, आभाळ कोरं गेलं, तर कुणाचं काही जात नाही. पण ज्या माणसासमोर आपण कॅमेरा धरला त्याचे डोळेच दिसत नसतील, तर तो फोटो त्याचा नाही, त्याच्या कपड्यांचा आहे.

हा प्रश्न वारीपुरता नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना पाठवत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोऱ्या स्त्रीचं चित्र असे. तिची कांती नीट आली म्हणजे रंग बरोबर. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रियांचं कार्ड 1990 च्या दशकात आलं. म्हणजे 'बरोबर' या शब्दाच्या मागे कुणाचा तरी चेहरा आधीच बसलेला होता.

आणि आपल्याकडे? स्थळासाठी फोटो काढायला गेलेल्या मुलीला स्टुडिओत न विचारताच दोन छटा उजळ करून देण्याची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आता ते काम मोबाइल फुकट करतो. चेहरा ओळखतो, गुळगुळीत करतो, उजळतो. आजचे कॅमेरे चेहरा शोधून त्याप्रमाणे प्रकाश ठरवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण चेहरा किती उजळ असायला हवा हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. सावळ्या मुलीचा फोटो काजळी होऊ नये, हे जितकं खरं तितकंच तो गोराही होऊ नये. ती दोन टोकं आहेत, आणि मधली जागा शोधणं हे फोटो काढणाऱ्याचं काम. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

मग करायचं काय? कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं. चौकटीत पांढरं जास्त असेल तर अधिक दीड-दोन स्टॉप, काळं जास्त असेल तर उणे तेवढेच. सुरुवातीला हे मनाविरुद्ध वाटतं: आधीच पांढरं आहे, आणखी उजळ कसं करू? करा. मीटरनं जे कमी केलं ते आपण परत देतो आहोत. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा, बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य दिसतो, तो वर-खाली सरकवा. तेवढंच.

दुसरा उपाय आपल्या हातातच आहे, अक्षरशः. माणसांच्या वर्णात कितीही फरक असला तरी तळहातांच्या रंगात फारसा फरक नसतो, आणि तळहात मध्यम करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो. चेहऱ्यावर जो उजेड पडतो आहे त्याच उजेडात आपला तळहात धरा, मीटरनं फक्त तो मोजा आणि एक स्टॉप वाढवा. मग समोर गोरा माणूस असो की काळा, पांढरा सदरा असो की काळा कोट, आकडे बदलायचे नाहीत. उजेड बदलला तरच बदलायचे. इथे आपण वस्तूऐवजी उजेड मोजू लागलो, हे लक्षात आलं का? मघाचा सगळा पेच त्या तळहातावर सुटतो.

समोरून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सुरुवातीला कॅमेरा कोणता घ्यावा? ताई, घरात असेल तो. मोबाइल असेल तर एवढं लक्षात ठेवा, की बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर बदलत नाही. 'प्रो' नावाचा पर्याय असेल तर शटर आणि आयएसओ मात्र हाती येतात. कुणाचा जुना कॅमेरा कपाटात पडून असेल तर तो मागून घ्या, सेल टाका, आणि आधी घोंगडीचा फोटो काढा. एक ऑटोवर, एक उणे एकवर, एक उणे दोनवर. तिन्ही फोटो घोंगडीशेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा. पुढच्या गुरुवारी घेऊन या, आणि जमलं तर घोंगडीही आणा.