पावसाच्या तीन मोजपट्ट्या

26 जुलै 2005, मंगळवार. मी तेव्हा दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात गणित शिकवत होतो. दुपारी खिडकीबाहेर नेहमीसारखाच पाऊस होता. उपनगरांत राहणाऱ्या मुलांनी लवकर सोडण्याविषयी विचारले, तेव्हा "एवढ्याशा पावसाला काय घाबरायचे?" असे म्हणून मी तास पूर्ण केला. त्या चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे 73 मिलिमीटर पाऊस पडला, सांताक्रूझला 944. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी ती रात्र बंद पडलेल्या लोकलमध्ये काढली. परळला घरी मी मात्र सुखरूप पोहोचलो होतो.

ही चूक केवळ हवामानाच्या अंदाजाची नव्हती, मोजण्याच्या पद्धतीचीही होती. गंमत अशी की त्या वर्षी मी वर्गात नेमका हाच विषय शिकवत होतो: क्रमिकांची अवकाशे आणि त्यांवरचे नॉर्म. नॉर्म म्हणजे लांबी मोजण्याची रीत.

सोप्या उदाहरणाने सुरुवात करू. समजा, एखाद्या वस्तीत रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि तुम्हाला चार चौक पूर्वेला व तीन चौक उत्तरेला जायचे आहे. पायी गेलात तर अंतर सात. कावळा सरळ उडाला तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार पाच. बुद्धिबळातल्या राजासारखे तिरपेही सरकता आले तर चारच खेळ्या. बेरीज, वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ आणि सर्वांत मोठी संख्या अशा या तीन मोजपट्ट्या.

आता प्रत्येक पट्टीने मध्यापासून एक एकक अंतरावर असलेले सगळे बिंदू कागदावर काढा. बेरजेच्या पट्टीने पत्त्यांतल्या चौकटसारखी आकृती मिळते, वर्गमुळाच्या पट्टीने वर्तुळ, तर मोठ्या संख्येच्या पट्टीने चौरस. नॉर्मची भूमिती म्हणजे मुख्यतः या आकृतीचा अभ्यास. चौकट आणि चौरस यांना सपाट बाजू आहेत, वर्तुळाला नाहीत. याचा परिणाम थेट चालण्यावर होतो. त्या वस्तीत सात चौकांचे 35 वेगवेगळे मार्ग निघतात आणि सगळे सारख्याच लांबीचे. कावळ्याचा मार्ग मात्र एकच. जिथे सपाट बाजू, तिथे सर्वांत जवळच्या वाटा अनेक असू शकतात. जिथे आकृती सर्वत्र गोलाकार, तिथे सर्वांत जवळची वाट एकच.

दोन संख्यांऐवजी वर्षभराचा रोजचा पाऊस घेतला की 365 संख्यांची यादी होते, म्हणजेच 365 मितींच्या अवकाशातला एक बिंदू. एकाच दिवशी 944 मिलिमीटर पडून बाकीचे दिवस कोरडे गेले, तर तिन्ही पट्ट्या 944 हेच उत्तर देतात. पण तेवढाच पाऊस शंभर दिवसांत सारखा वाटला गेला, तर रोज 9.44 येतो. बेरीज 944 च राहते, वर्गमूळ 94.4 होते आणि सर्वांत मोठी संख्या 9.44. तलाव भरणाऱ्याला बेरीज हवी. हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्याला सर्वांत मोठी संख्या हवी.

मिती मोजक्या असतील तर या पट्ट्यांमधला फरक एका ठरावीक पटीच्या आत राहतो. यादी अनंत झाली की तो आवर राहत नाही. 944 अधिकाधिक दिवसांत वाटत गेलो, तर बेरीज तशीच राहते आणि बाकीच्या दोन लांब्या शून्याकडे जातात.

आकृतीही चकवते. कागदावरच्या चौरसाला चार कोपरे, घनाला आठ, पुढच्या प्रत्येक मितीत दुप्पट. पण शून्याकडे जाणाऱ्या अनंत क्रमिका घेऊन त्या सर्वांत मोठ्या संख्येच्या पट्टीने मोजल्या, तर मिळणाऱ्या 'घना'ला एकही कोपरा उरत नाही! कारण साधे आहे. अशा क्रमिकेत पुढे कुठेतरी एखादी संख्या अगदी लहान असतेच. ती थोडी वाढवा वा कमी करा, सर्वांत मोठी संख्या एकच्या वर जात नाही. दोन्ही बाजूंना सरकायला जागा आहे तो बिंदू कोपरा कसला?

तिन्हींपैकी काटकोन मात्र फक्त वर्गमुळाच्या पट्टीत नीट बसतो. समांतरभुज चौकोनाच्या कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असते, हा शाळेतला नियम ज्या नॉर्ममध्ये टिकतो, तिथेच काटकोनाची ही भूमिती उभी राहते. हे जॉर्डन आणि फॉन नॉयमन यांनी 1935 मध्ये सिद्ध केले.

याच काटकोनाचा उपयोग गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केला. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. 1943 च्या एका निबंधात त्यांनी यदृच्छेने बदलणारा वक्र परस्परांना काटकोनात असलेल्या तुकड्यांत मांडण्याची रीत दिली. मोठे तुकडे ठेवायचे, बारीक सोडून द्यायचे. कारहुनेन आणि लोएव्ह हे पुढे स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले आणि रीतीला नाव त्यांचे मिळाले. आज पावसाच्या नोंदींपासून छायाचित्रांपर्यंत प्रचंड माहिती आटोपशीर करायला ती वापरतात.

ही रीत मी अजूनही आवडीने शिकवतो, पण एक पुस्ती जोडून. वर्गांच्या बेरजेत जो तुकडा बारीक म्हणून सोडला, त्यातच एखाद्या ठिकाणचा एखादा भयंकर तास असू शकतो. 73 आणि 944 यांची सरासरी सुमारे 508 येते, आणि तेवढा पाऊस त्या दिवशी या दोन्ही ठिकाणी पडला नव्हता. मी तर सरासरीही काढली नव्हती; माझ्या खिडकीतला एकच आकडा धरून बसलो होतो. आता पावसाळ्यात कोणी लवकर सोडा म्हटले, की मी आधी विचारतो, "तुझ्याकडे किती पडतोय?"