हात लागला, पण मुद्दाम नाही

आज मी तुमच्यासमोर एकच शर्यत घेऊन बसलो आहे. ती संपायला चौदा सेकंदही लागले नाहीत, पण तिचा निकाल लागायला बराच जास्त वेळ लागला. तारीख २९ ऑगस्ट २०११. ठिकाण दक्षिण कोरियातलं देगू शहर. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची ११० मीटर हर्डल्स, म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत अडथळ्यांची शर्यत. तिची अंतिम फेरी.

या शर्यतीत सगळ्यात आधी रेषा ओलांडली, त्याला सुवर्णपदक मिळालं नाही. कारण त्याचा हात शेजाऱ्याच्या हाताला लागला होता. त्याने तो मुद्दाम लावला, असं कोणी सिद्ध केलं नाही. मग त्याला बाद करणं योग्य होतं का? हा प्रश्न मला वैयक्तिक कारणाने टोचतो. ते कारण पुढे सांगतो. आधी शर्यत समजून घेऊ.

११० मीटरमध्ये दहा हर्डल्स असतात. प्रत्येकाची उंची १.०६७ मीटर, म्हणजे बरोबर ४२ इंच. साडेतीन फूट म्हणा. जेवणाच्या टेबलापेक्षा ही उंची जवळजवळ एक फुटाने जास्त भरते. सुरुवातीच्या रेषेपासून पहिलं हर्डल १३.७२ मीटरवर. त्यानंतर दर ९.१४ मीटरवर एकेक. शेवटच्या हर्डलपासून अंतिम रेषा १४.०२ मीटर. बेरीज करून बघा, बरोबर ११० येते.

आता यातली खरी गोम ऐका. दोन हर्डल्सच्या मध्ये प्रत्येक चांगला धावपटू तीनच पावलं टाकतो. चार टाकली तर पुढचं हर्डल दुसऱ्या पायाने घ्यावं लागतं आणि सगळी लय बिघडते. हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी तो जमीन सोडतो आणि पलीकडे सव्वा-दीड मीटरवर उतरतो. उरलेल्या साडेपाच-सहा मीटरमध्ये ती तीन पावलं बसवायची. लांब पायांच्या माणसाला ती आखडती घ्यावी लागतात आणि तरीही वेग कमी होऊ द्यायचा नाही. एका हर्डलपासून पुढच्या हर्डलपर्यंत जागतिक दर्जाच्या धावपटूला साधारण एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात उतरणं, तीन पावलं आणि पुन्हा उडणं.

म्हणून हर्डल्सवाला ‘उडी’ मारत नाही. त्याच्या दृष्टीने उडी हा वाया गेलेला वेळ. तो हर्डलवरून धावत जातो, कंबर शक्य तितकी खाली ठेवून. पुढचा पाय सरळ हर्डलवर जातो. मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने वर येतो. आणि हा मागचा पाय बाजूने येताना शरीर फिरू नये म्हणून त्याच बाजूचा हात मोठा वळसा घेऊन मागे जातो. हा हात नीट लक्षात ठेवा. आपली गोष्ट त्याच हाताची आहे.

लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे चार फूट. सहा फुटी माणसाने दोन्ही हात पसरले तर त्यांची लांबी साधारण त्याच्या उंचीइतकी भरते, म्हणजे सहा फूट. आता चार फुटांच्या दोन लेनमध्ये सहा फुटांहून उंच असे दोन धावपटू, दोघे खांद्याला खांदा लावून त्याच क्षणी त्याच हर्डलवर. हात एकमेकांना लागणं हे या शर्यतीत आश्चर्य नाही. ते रोज होतं. हर्डल पडणंसुद्धा चालतं. देगूच्या वेळच्या नियमांत हर्डल पाडल्याबद्दल शिक्षा नव्हती, मुद्दाम पाडलं तरच होती. पण तुमच्यामुळे दुसऱ्याची वाट अडली, तर मात्र नियम जागा होतो.

आता देगूला जाऊ.

त्या दिवशी रेषेवर तोपर्यंतच्या इतिहासातले तीन सर्वांत वेगवान हर्डलर एकत्र उभे होते. क्युबाचा डेरॉन रोब्लेस, २००८ चा ऑलिम्पिक विजेता, तेव्हाचा विश्वविक्रम १२.८७ सेकंद. चीनचा लियू शियांग, २००४ चा अथेन्स ऑलिम्पिक विजेता, सर्वोत्तम वेळ १२.८८. अमेरिकेचा डेव्हिड ऑलिव्हर, १२.८९. तिघांमध्ये एकेक शतांश सेकंदाचं अंतर. असा योग फार क्वचित येतो.

यातला लियू शियांग हा आपल्या आशिया खंडाचा माणूस. अथेन्समध्ये १२.९१ सेकंदांत त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली, तेव्हा ऑलिम्पिक ॲथलेटिक्समध्ये सुवर्ण जिंकणारा तो चीनचा पहिला पुरुष ठरला. चार वर्षांनी बीजिंगला, स्वतःच्या देशात, दुखऱ्या पायामुळे पहिल्याच फेरीतून तो परत फिरला. सगळं स्टेडियम सुन्न झालं होतं. देगू ही त्याची परत उभं राहण्याची वेळ होती. पहिल्या हर्डलपर्यंत आठऐवजी सात पावलं टाकण्याची नवी सवय त्याने त्यासाठी लावून घेतली होती. इतक्या वर्षांची घडी मोडून नवी घालणं किती अवघड असतं, हे ज्यांनी वयाच्या तिशीजवळ काही नव्याने शिकलं असेल त्यांना समजेल.

रोब्लेस पाचव्या लेनमध्ये, लियू सहाव्या. म्हणजे रोब्लेसचा उजवा हात आणि लियूचा डावा हात शेजारी शेजारी. सुरुवातीला रोब्लेस पुढे होता. मग लियू त्याला गाठू लागला. शेवटच्या दोन हर्डल्सच्या टप्प्यात दोघे अगदी बरोबरीत आले आणि रोब्लेसचा उजवा हात लियूच्या डाव्या हाताला लागला. एकदा नाही, दोनदा. लियूचा तोल गेला, शेवटच्या हर्डलला तो अडखळला आणि सगळी गती गेली. रोब्लेस १३.१४ सेकंदांत पहिला. अमेरिकेचा जेसन रिचर्डसन १३.१६ मध्ये दुसरा. लियू १३.२७ मध्ये तिसरा.

चीनने आक्षेप नोंदवला. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि रोब्लेसला बाद केलं. क्युबाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. सुवर्ण रिचर्डसनला, रौप्य लियूला, आणि ब्रिटनच्या अँडी टर्नरला कांस्य.

आता माझं कारण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी मेजर होतो. सैन्यातल्या एका आंतरयुनिट स्पर्धेत मला आठव्या हर्डलजवळ अंपायर म्हणून उभं केलं होतं. हातात पिवळा झेंडा. काही नियमभंग दिसला तर झेंडा वर करायचा, निर्णय मुख्य पंच घेणार. माझं काम तेवढंच. माझ्यासमोर दोन जवान बरोबरीने आले. एकाचा हात दुसऱ्याच्या दंडाला लागला. दुसरा डगमगला, सावरला, पण मागे पडला आणि तिसरा आला. पुढच्या स्पर्धेसाठी पहिले दोनच निवडायचे होते.

मी झेंडा वर केला नाही. मनात म्हटलं, पोराने मुद्दाम थोडंच केलं? वर्षभर घाम गाळलाय त्याने. कशाला त्याचं नुकसान करा.

संध्याकाळी तो तिसरा आलेला जवान मला भेटायला आला. ताठ उभा राहिला. म्हणाला, “साहेब, एकच विचारायचं होतं. हात लागला होता ना? की मलाच तसं वाटलं?”

मी म्हणालो, “लागला होता. पण मुद्दाम नव्हता.”

तो म्हणाला, “मुद्दाम नव्हताच, साहेब.” सॅल्यूट ठोकला आणि गेला.

त्याने तक्रार केली नाही. वाद घातला नाही. माझं वाक्य तर त्याने मान्यच केलं. आणि तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होतो. मी पहिल्याच्या मनात काय होतं ते तोलत बसलो. दुसऱ्याची शर्यत कुठे गेली, हे विचारायचं राहूनच गेलं.

देगूत लागू झालेला नियम नेमका हाच फरक करतो. तिथे पंचांसमोर प्रश्न हेतूचा नव्हता, परिणामाचा होता. तुमच्या कृतीने दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आला का? आला असेल तर तुम्ही बाद होऊ शकता. पंचांना धावपटूच्या डोक्यात शिरता येत नाही. साडेतेरा सेकंदांच्या धावपळीत कोणता हात कोणत्या विचाराने हलला, हे खुद्द धावपटूलाही सांगता येणार नाही. हेतू सिद्ध करायची अट घातली, तर नियम कधीच लागू होणार नाही आणि दर वेळी नुकसान त्याचंच होईल, जो स्वतःच्या लेनमध्ये सरळ धावत होता.

रोब्लेसवर हे कठोर आहे, मला मान्य आहे. तो आणि लियू एकमेकांचे स्नेही होते, वैरी नव्हते. बाद होणं म्हणजे लबाड ठरणं नव्हे, एवढं आपण प्रेक्षकांनी लक्षात ठेवलं पाहिजे.

पण अजून एक बाजू आहे. रोब्लेस बाद झाला तरी लियूला सुवर्ण मिळालं नाही. तो तिसऱ्याचा दुसरा झाला, एवढंच. हात लागला नसता तर तो जिंकला असता का? बहुतेक, असं म्हणणारे खूप आहेत. पण ‘बहुतेक’ला पदक देता येत नाही. बाद झालेल्याला वगळून शर्यत पुन्हा घेण्याचा अधिकार त्या वेळच्या नियमांत पंचांना होता. पण तसं केलं असतं तर रिचर्डसनचं काय? त्याचा तर या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. तो आपल्या लेनमध्ये आपली शर्यत स्वच्छ धावला होता.

आठ वर्षांनी, २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पुन्हा तसंच घडलं. जमैकाचा ओमार मॅकलाउड, रिओचा ऑलिम्पिक विजेता, हर्डल्सना अडखळत तोल जाऊन शेजारच्या लेनकडे कलंडला आणि स्पेनच्या ओर्लांडो ओर्तेगाची वाट अडली. पडणारा माणूस मुद्दाम पडत नाही, हे सांगायला पंच लागत नाही. तरी मॅकलाउड बाद झाला. ओर्तेगा पाचवा आला होता. स्पेनच्या अपिलानंतर त्यालाही कांस्यपदक देण्यात आलं. फ्रान्सच्या पास्काल मार्तिनो-लागार्दने मिळवलेलं कांस्य कोणी काढून घेतलं नाही. दोघांनाही दिलं. निर्दोष माणसाचं काही न हिरावता नुकसान झालेल्याला थोडं परत करण्याचा तो प्रयत्न होता. ओर्तेगाची शर्यत मात्र त्यालाही परत मिळाली नाही.

लियूची गोष्ट पूर्ण करतो. २०१२, लंडन ऑलिम्पिक. पहिल्याच फेरीत, पहिल्याच हर्डलला त्याचा पाय आदळला आणि तो पडला. तो उठला आणि एका पायावर लंगडी घालत ट्रॅकच्या कडेने शेवटपर्यंत गेला. शेवटच्या हर्डलपाशी आल्यावर त्याने वाकून त्या हर्डलचा मुका घेतला. पलीकडे त्याला आधार द्यायला इतर धावपटू पुढे आले. त्यांत ब्रिटनचा अँडी टर्नर होता. तोच टर्नर, ज्याला देगूत रोब्लेस बाद झाल्यामुळे कांस्य मिळालं होतं.

आपल्याकडे या शर्यतीकडे फार कमी लोक बघतात. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपले गुरबचन सिंग रंधावा याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पाचवे आले होते, हे किती जणांना माहीत आहे? आणि मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांची वेळ नोंदवून मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या वेळी टीव्हीवर हर्डल्स लागली की पायांबरोबर हातांकडेही बघा. शेजारच्या दोन लेन बरोबरीत आल्या की विशेष लक्ष ठेवा.

आणि कधी शाळेच्या, गावच्या, कॉलनीच्या स्पर्धेत तुमच्या हातात झेंडा आला, तर तुम्हाला जे दिसलं ते नोंदवा. झेंडा वर करणं म्हणजे कोणाला दोषी ठरवणं नाही. मला त्या दिवशी एवढंच करायचं होतं, आणि मी ते केलं नाही. तो जवान आता पन्नाशीत असेल. हा भाग त्याच्या पाहण्यात आला, तर त्याने एवढं ऐकावं: हात लागला होता, मी पाहिलं होतं, आणि झेंडा वर जायला हवा होता.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.