हलक्या धक्क्याची बंदूक

पेडण्याजवळच्या धारगळला एका शिष्याच्या घरी भिंतीवर त्याच्या आजोबांची रायफल पाहिली आणि वडिलांनी सांगितलेली हकीकत आठवली. वडील दरबारी गवई. एकदा शिकारीला ते महाराजांबरोबर गेले होते. घोडा ओढण्याआधीच एका पाहुण्याने धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले. गोळी चितळाच्या पोटात बसली. ते सकाळी ओढ्याकाठी सापडले. त्या रात्रीच्या बैठकीत वडिलांचा सूर लागला नाही.

समेच्या धास्तीने अंग चोरणाऱ्याची सम चुकते, तसेच हे. गोळी आणि दारू जितकी जड व वेगवान, तितका दस्ता खांद्यावर जोराने आदळतो. बंदूक वजनदार असली तर धक्का कमी. म्हणून १९५५ साली निघालेले .२४३ विंचेस्टर काडतूस हरणासाठी नावाजले गेले. त्याची गोळी सुमारे साडेसहा ग्रॅमची; .३०-०६ ची नेहमीची गोळी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास.

आपल्याकडे १९७२ चा कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हरणाची शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. शिष्याला नेमबाजी शिकायची आहे. त्याला म्हटले, ‘‘पेलेल इतकी जड बंदूक आणि हलकी गोळी घे. मर्दुमकी खांद्याच्या वळावरून मोजत नाहीत, बाळा.’’